दादाच्या आईचा रकाना

कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. माझे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. ते गेल्यावर नाशिकरोडच्या घरात मी एकटी उरले. लेक परदेशात. ती एकदा आली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप ठेवून गेली आणि त्यात वंशावळीचं एक सॉफ्टवेअर टाकून गेली. म्हणाली, "आई, तू दिवसभर याची मावशी नि त्याचा साडू असं बोलतच असतेस, ते इथे भर." मी सातवी शिकलेली. पण चूल, मशीन, गॅस, सगळं बघूनबघूनच शिकले, तसंच हेही. चुकायचं, बंद करायचं, परत उघडायचं.

आता हे सॉफ्टवेअर कसं असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक माणसाचा एक चौकोन. त्यात नाव, जन्म, लग्न, मृत्यू असे रकाने. आणि प्रत्येक रकान्याच्या शेजारी ते विचारतं, हे तुम्हाला कशावरून कळलं? त्याला म्हणायचं सोर्स. सोर्स म्हणजे पुस्तक, आणि सायटेशन म्हणजे त्या पुस्तकातलं पान आणि ओळ, असं लेकीने फोनवर समजावलं. वर त्या आधाराची प्रत कशी आहे, पक्का की कच्चा, तेही सांगावं लागतं. रकाना रिकामा राहिला किंवा आधार दिला नाही तर त्या रकान्यावर पिवळं उद्गारचिन्ह येतं. मला ते चिन्ह सहन व्हायचं नाही. भांडं खरकटं ठेवून झोपायला गेल्यासारखं वाटायचं.

आमचा सगळ्यात मोठा सोर्स म्हणजे पंचवटीतल्या आमच्या गुरुजींची वही. माहेर आमचं सटाण्याकडचं, कांदा करणारी माणसं. पण घरात कुणी गेलं की अस्थी घेऊन रामकुंडावर यायचं, आणि गुरुजींच्या वहीत कोण आलं, कुणासाठी आलं, घरात माणसं कोण कोण, हे लिहून सही करायची, असं पाच-सहा पिढ्या चाललंय. लाल कापडात बांधलेल्या लांबोड्या वह्या, गावागावाच्या वेगळ्या. जुनी पानं मोडीत. गुरुजी बोट ठेवून वाचतात आणि मी फोनवर फोटो काढते.

सुरुवातीला माझी चूक अशी झाली की मी प्रत्येक ओळीला नवा सोर्स तयार केला. वही, वही, वही, यादीत चाळीस वेळा तीच वही. लेक हसून म्हणाली, "आई, गुरुजींकडे चाळीस वह्या आहेत का गं?" मग मी आठवडाभर बसून त्या सगळ्या एकीत मिसळल्या. सॉफ्टवेअर शोधून द्यायचं, हे दोन सारखे दिसतात, एकत्र करू का? मी म्हणायची, कर. यादी आखूड झाली की काय समाधान वाटायचं! हातालाच तशी सवय लागली.

आणि त्याच सवयीने एक दिवस माणसं एकत्र केली.

झालं असं. वहीतल्या एका पानावर आमचे आजोबा रामकुंडावर येऊन गेल्याची नोंद होती. त्यात माझे वडील, त्यांची बायको अमुक, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मोठा भाऊ. दादा तेव्हा कडेवरचा. ते मी भरलं. मग आमच्या जुन्या रेशनकार्डावरून वडिलांचं कुटुंब भरलं. त्यातही वडिलांची बायको, नाव तेच अमुक. सॉफ्टवेअरने विचारलं, या दोन बायका एकच दिसतात, एकत्र करू का? नाव एक, नवरा एक, गाव एक. मी म्हटलं, कर.

लगेच लाल अक्षरांत आलं की मुलाच्या जन्मावेळी आईचं वय दहा वर्षं, तपासून पाहा. आता रेशनकार्डावरचं वय कधी कुणाचं बरोबर असतं का? आमच्या पिढीत तर मास्तर सांगेल ती जन्मतारीख. मी वही पक्की धरली, रेशनकार्ड कच्चं धरलं आणि आईचा जन्म सहा-सात वर्षं मागे नेला. लाल अक्षरं गेली. दोन दोन आधार असलेली ती माझ्या झाडातली पहिली बाई होती. मी मान वाकडी करून कौतुकाने बघत बसले.

आणि मला माहीत होतं हो. तेच तर सांगायचंय. दादा माझ्या आईच्या पोटचा नाही, हे मला पाच-सहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. त्याची आई तो दीड वर्षाचा असताना तापाने गेली. वर्षाच्या आत माझी आई त्या घरात आली, बारा-तेरा वर्षांची. आणि आमच्याकडे तेव्हा रीत होती, दुसरेपणावर आलेल्या मुलीला पहिलीचंच नाव ठेवायचं. पहिलीच परत आली असं मानायचं, म्हणजे तिचा जीव घुटमळत नाही. माझ्या आईचं माहेरचं नाव वेगळंच होतं. मामा मरेपर्यंत तिला त्या नावाने हाक मारायचा आणि ती दर वेळी थोडी उशिरा ओ द्यायची. पण ही गोष्ट घरात कुणी बोलत नसे, आणि कुठे लिहिलेली तर नव्हतीच. सॉफ्टवेअर विचारतं लिहिलेलं काय आहे. मी इतके महिने त्याच्या प्रश्नांना उत्तरं देत बसले होते, की जे नुसतंच माहीत आहे ते मनात आलंच नाही.

दादाला एक्क्याऐंशी झाली तेव्हा सटाण्याला त्याचं सहस्रचंद्रदर्शन केलं. मी झाडाचं पुस्तक छापून, बांधून घेऊन गेले. सगळ्यांच्या त्यावर उड्या पडल्या. पुतण्या म्हणाला, "आत्या, माझं पोट सुटलंय ते यात नाही ना लिहिलं?" मी म्हटलं, "त्याला सोर्स लागत नाही, ते लांबूनच दिसतं." हशा झाला. दादा चौरंगाशेजारी खुर्चीत बसला होता. चष्मा लावून त्याने आपलं पान काढलं, बोट वर नेलं आणि तिथेच ठेवलं. मग हळूच, आमच्या अहिराणीत, मला म्हणाला,

"बाई, यामा मन्ही माय कोठे शे?"

माझी आई कुठे आहे यात. मी बोट दाखवायला वाकले आणि हात तिथेच राहिला.

वहिनी म्हणाल्या, "असू द्या हो, आजच्या दिवशी कशाला? ताईंनी एवढं हौसेने केलंय. चला, पानं वाढलीत."

दादा रागावला नाही. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "दोन्हीस्नी एक करी टाकी तू." दोघींची एक करून टाकलीस. मग जेवायला उठला. माझ्या पानातला मांडा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्याने मला ओट्यावर बसवलं. त्याच्या मनात काय आहे ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. पितृपक्षात पाणी देताना गुरुजी आईच्या वडिलांचंही नाव विचारतात. दादा आयुष्यभर माझ्या आजोळच्या नानांचं नाव सांगत आला. घरातल्यांनी तेच शिकवलेलं. "नाना चांगले होते," तो म्हणाला, "मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली त्यांनी. पण ते तिचे वडील नव्हते. साठ-सत्तर वर्षं मी तिच्या बापाचं पाणी दुसऱ्याला देतोय. तुला एवढं शोधता येतं, तर तिचं माहेर शोध. एकदा अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्यांच्या तिथीला, तिच्या बापाचं नाव घेऊन पाणी देतो. मग माझं काही नाही."

त्याच्या छातीत तेव्हाच पाणी व्हायला लागलं होतं. नवमीला चार महिने होते.

घरी आले ते कपडे न बदलता लॅपटॉप उघडला. जुनी प्रत ठेवलेली होती, तीवरून दोघींना वेगळं केलं. माझ्या आईचा चौकोन भरलेला, तिचं वयही परत जागेवर आलं. आणि शेजारी दुसरा चौकोन. त्यात सासरी ठेवलेलं एक नाव आणि एक मुलगा. जन्म नाही, मृत्यू नाही, माहेर नाही, बाप नाही. सगळीकडे पिवळी चिन्हं. ती पाहून मला पहिल्यांदा वाटलं, हे बरोबर विचारतंय.

पहिल्यांदा गुरुजींकडे गेले. म्हटलं, ती गेली तेव्हा वडील अस्थी घेऊन आले असतील. गुरुजींनी वही काढली. मागच्या वेळी त्यांना घाई होती, त्या वर्षांची दोनच पानं दाखवली होती. मधलं पान मी मागितलंच नव्हतं. तिथे होती नोंद. "पत्नी अमुक हिच्या अस्थी घेऊन आले, सोबत वडील." खाली माझ्या वडिलांची सही. विशीतला मुलगा, अक्षर अजून शाळेतलं. मी त्या सहीकडे बराच वेळ बघत होते. आम्ही त्यांना नेहमी म्हातारेच पाहिलेले.

"माहेर नाही का हो लिहिलेलं?"

"नसतं ताई. सासरच्या वहीत सून येते, ती कुठून आली ते लिहीत नाहीत."

"मग तिच्या माहेरच्या वहीत?"

"बापाच्या वहीत लेकी क्वचित. पण बापाचं नाव तरी मिळेल. गाव सांगा, त्या गावाचे गुरुजी कोण ते मी सांगतो."

"गावच तर शोधतेय."

गुरुजींनी हात जोडल्यासारखे केले. गाव असेल तर वही, आणि वही असेल तर गाव. मी रामकुंडाच्या पायरीवर जाऊन बसले.

आणि तिथे मला टाक आठवला. माझ्या आईच्या गळ्यात काळ्या पोतीत चांदीचा छोटा टाक असायचा, बाईचं रूप कोरलेला. पहिलीच्या नावाने दुसरीने घालायचा तो. सणाला नवी साडी नेसायच्या आधी आई ती साडी टाकाला लावायची, पुरणाचा घास आधी त्याला दाखवायची. लहानपणी मी विचारलं, ही कोण, तर म्हणाली, "माझी थोरली." त्या टाकाच्या मागे काही खरवडलेलं होतं. अक्षरं होती की नुसती नक्षी, आता सांगता येत नाही. आई गेली तेव्हा विचारलं, याचं काय करायचं. घरातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, घालणारी गेली, आता दोघींना एकत्र सोडा. मी तो आईच्या अस्थींबरोबर माझ्या हाताने याच कुंडात सोडला. दादा शेजारी गुडघाभर पाण्यात उभा होता. तो हात पुढे करील असं एक क्षण वाटलं होतं. त्याने केला नाही, आणि मी थांबले नाही.

फोनवर लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुला तेव्हा कसं माहीत असणार?" मी म्हटलं, "मागे उलटून नीट तर पाहता आलं असतं."

मग सटाण्याला दोन खेपा केल्या. गावात जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं विचारली. त्या वर्षांचं कसरीने खाल्लेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. राहिली होती एक चुलत चुलती, नव्वदीच्या पुढची. तिला ऐकू कमी येतं. मी कानाशी ओरडून विचारलं, दादाची आई कुठली होती? तिने बराच वेळ माझा हात चोळला. मग म्हणाली, "तिले पव्हता ये."

तिला पोहता यायचं. साऱ्या बायांत तिला एकटीला. "हंडा पडना का तीच उतरे." विहिरीत हंडा पडला की पदर खोचून तीच उतरायची, सासू वरून शिव्या द्यायची आणि ती खालून हसायची.

"मग नदीकाठची होती का? गिरणेवरची? मोसमवरची?"

"असंल पोरी. तिच्या माहेरची माणसं एकदा आली होती, ती गेल्यावर. लेकराला बघून रडली. मग तुझी आई आली, मग नाही आली कुणी." आणि मग तिने मलाच विचारलं, "तू कोणाची गं?"

मी ते लिहून घेतलं. सोर्स, तोंडी. सांगणारी, चुलती. प्रत, कच्ची. नदीकाठच्या चार गावांना माणसं पाठवली, पुतण्याने फोन लावले. ज्यांच्या घरची मुलगी ऐंशी वर्षांपूर्वी आमच्या गावी दिली होती असे लोक कुठे सापडायचे? लोक उलट विचारायचे, जमिनीचं काही आहे का? नाही म्हटलं की फोन ठेवायचे.

दादा दर रविवारी फोन करायचा. "मिळनं का काही?" मी म्हणायची, अजून नाही. पोहायचं सांगितलं तेव्हा मात्र त्याने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मला कधी पाण्याची भीती वाटली नाही." एवढंच.

नवमीला तो आला. पुतण्याने गाडीतून आणला, दोघांनी धरून घाटावर बसवला. पाय सुजलेले, चपला हातात घेतलेल्या. गुरुजी सांगत गेले, तो करत गेला. आईचं नाव आलं, ते त्याने घेतलं. मग गुरुजी थांबले. त्यांना सगळं माहीत होतं. हळू म्हणाले, "गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं, बाबा. आणि नाव माहीत नसलं तरी अडत नाही. शास्त्रात त्यालाही नाव दिलेलं आहे, मी सांगतो ते म्हणा."

दादाने मान हलवली. "नको. खोटा बाप नको तिले."

"खोटा नव्हे हो, सोय आहे ती."

"सोयच केली सगळ्यांनी तिची," दादा म्हणाला. "नाव दुसरीला दिलं, पोरगं दुसरीला दिलं."

दादाने ओंजळीतलं पाणी तसंच धरून ठेवलं. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं. सोडण्यासारखं उरलं नाही तेव्हा त्याने हात पालथे केले. मला बघवेना, मी दुसरीकडे बघत राहिले. परतताना गाडीत बसवला तेव्हा त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू शोधलंस बाई. कुणीच शोधलं नव्हतं." तो दोष देता तर मला सोपं गेलं असतं.

थंडीत दादा गेला. पुतण्या अस्थी घेऊन आला, मी नाशिकरोडहून तिथेच गेले. विधी झाल्यावर गुरुजींनी वही उघडली आणि लिहायला घेतलं. कोण गेलं, कोण आलं, वडिलांचं नाव, आईचं नाव. आईचं नाव त्यांनी लिहिलं, तेच, दोघींचं. पुढची ओळ लिहायला पेन वळलं आणि मी म्हटलं, "थांबा गुरुजी. त्या नावापुढे लिहा, पहिली. दीड वर्षाचं मूल ठेवून वारली. आणि दुसरी वेगळी, तिचंही लिहा."

गुरुजींनी पुतण्याकडे पाहिलं. वहीत घरच्या पुरुषाच्या सांगण्याने लिहायचं असतं. पुतण्या म्हणाला, "आत्या सांगते ते लिहा." मग गुरुजींनी लिहिलं. मी म्हटलं, माहेर नदीकाठी असावं, नक्की ठाऊक नाही, हेही लिहा. ते म्हणाले, "नक्की नाही ते वहीत कसं लिहू, ताई?" मी म्हटलं, नक्की नाही असंच लिहा ना. त्यांनी थोडा विचार केला आणि तेही लिहिलं. पुतण्याने सही केली.

घरी येऊन तो फोटो मी तिच्या चौकोनाला जोडला. सोर्स, वही. सायटेशन, पान, ओळ. तिथलं पिवळं चिन्ह गेलं. उद्या कुणी पणतू ही वही उघडेल आणि म्हणेल, हा पक्का आधार, गुरुजींच्या हातचा. त्या आधाराचा आधार म्हणजे मी, आणि माझ्यामागे एका म्हातारीने चोळलेला हात, दुसरं काही नाही. बापाचा रकाना रिकामा आहे. माहेरचं नाव रिकामं आहे.

ते राहील रिकामं. त्याचं मला आता तितकं वाटत नाही. पण नवमीला दादा तिथेच बसला होता, गुरुजी समोर, वह्यांचं कपाट वीस पावलांवर. वही त्याच दिवशी मागवता आली असती. त्याच्या आईच्या नावापुढे पहिली असं लिहिलेलं त्याला चष्मा लावून वाचता आलं असतं, खाली त्याची स्वतःची सही झाली असती. चार महिने मी वह्यांत शोधत होते, आणि त्यात लिहूनही घेता येतं हे मला त्याच्या अस्थी सोडल्यावर सुचलं.